घरच्या सरफेस ग्राइंडरचा स्पिंडल: दगड थेट मोटारीच्या शाफ्टवर लावू का?

बिडाचा_बेड (कुपवाड) | रविवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतली जी वर्कशॉपं पाण्याखाली गेली, त्यातल्या एकाचा छोटा सरफेस ग्राइंडर, म्हणजे फिरत्या दगडाखाली जॉब सपाट घासायचं मशीन, मला गेल्या वर्षी भंगारात किलोच्या भावानं मिळाला. बेड, सॅडल, टेबल आणि कॉलम एवढंच, सगळं बिडाचं. वरचं डोकं, म्हणजे दगड धरून फिरवणारा स्पिंडल आणि मोटार, आधीच कुणीतरी काढून नेलं होतं. टेबल ३०० बाय १२५. स्लाइडला गंजाचे खड्डे पडले होते. रोज संध्याकाळी कामावरून आलो की तासभर स्क्रॅपर घेऊन बसायचो, असे सहा महिने गेले. आता निळं (कुठं टेकतंय ते दाखवणारा रंग) लावून बघितलं तर टेबल सगळीकडं टेकतंय. कॉलमची स्लाइडही चांगली आहे. राहिलं ते डोकं.

घरात एक हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार पडून होती. दोन पोल, २८५० आरपीएम, ८० फ्रेम, शाफ्ट १९ मि.मी. म्हटलं, बेंच ग्राइंडरला दगड मोटारीच्याच शाफ्टवर असतो, मग इथं काय बिघडलं? मोटार आडवी करून कॉलमच्या स्लाइडवर बसवली, शाफ्टसाठी हब केला आणि १५० बाय १३ बाय ३१.७५ चा पांढरा दगड लावला. आज पहिला जॉब घेतला.

तुकडा चकचकीत निघाला, पण उजेडात तिरका धरला की त्यावर आडव्या लाटा दिसतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. नखाला लागत नाहीत, डोळ्याला दिसतात. शिवाय ०.०१ मि.मी. खाली घेतलं तर दगड एकदा तेवढंच खातो, एकदा दुप्पट खातो, एकदा नुसता पुसून जातो. बॅलन्सिंग करून भागेल का, की वेगळा स्पिंडल करावा लागेल? ज्यांनी हे हातानं केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मिरज_जॉबवर्क | रविवार, रात्री १०.४५

दादा, लाटांचं नंतर बघू. आधी हे सांगा, दगड वाजवून बघितला होता का? आणि कव्हर आहे का? तुमच्या लिहिण्यात कव्हराचा उल्लेख नाही म्हणून विचारते. आमच्या शॉपमध्ये दोन सरफेस ग्राइंडर आहेत. दगड न वाजवता कुणी लावला तर मी मशीन बंद करायला लावते, मग तो कितीही जुना कामगार असो.

दगड भोकात बोट घालून टांगता धरायचा आणि लाकडी मुठीनं उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशावर हलकं ठोकायचं. खणखणीत वाजला तर चांगला. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, तो दगड तिथंच फोडून टाकायचा, कपाटात ठेवायचा नाही. दोन्ही फ्लँज सारख्या व्यासाच्या हव्यात आणि दगडाच्या निदान एक तृतीयांश हव्यात, म्हणजे १५० ला ५० तरी. दगडाला चिकटून येणारे कागदी वायसर काढायचे नाहीत. चालू केल्यावर पहिलं मिनिट दगडाच्या रेषेतून बाजूला उभं राहायचं.

बिडाचा_बेड | रविवार, रात्री ११.०५

ताई, दगड वाजवला होता, चांगला आहे. कव्हर अजून केलेलं नाही. उद्या दगड उतरवतो आणि कव्हर झाल्याशिवाय परत लावत नाही.

स्पार्कआउट_कराड | सोमवार, सकाळी ७.१०

३८ वर्षं ग्राइंडिंगवर काढली, त्यातली निम्मी सरफेसवर. बेंच ग्राइंडरवर टूल आपल्या हातात असतं. दगड थरथरला तर हात मागं सरतो. सरफेस ग्राइंडरवर जॉब चुंबकानं धरलेला, मागं सरायला जागाच नाही. शाफ्ट जेवढा हलेल तेवढं सगळं जॉबवर उमटतं.

लगेच बॅलन्सिंगच्या मागं लागू नका, आधी लाटा मोजा. बारीक ऑइल स्टोन घेऊन जॉबवर अगदी हलक्या हातानं दोनदा फिरवा. लाटांचे माथे चकाकतील, खळगे मळकट राहतील. मग स्टीलपट्टी लावून ३० मि.मी. मध्ये माथे किती येतात ते मोजा. टेबलाला एक पूर्ण फेरी मारायला किती सेकंद लागतात तेही घड्याळावर बघा. हे दोन आकडे आले की पुढचं बोलू.

बिडाचा_बेड | बुधवार, रात्री ९.३०

काका, पाच मि.मी. प्लेटचं कव्हर करून बसवलं आणि मगच मोजलं. ३० मि.मी. मध्ये २० माथे. ३०० चा स्ट्रोक मी हातानं साधारण दोन सेकंदात घेतो. तीन वेगवेगळ्या तुकड्यांवर बघितलं, १९ ते २१ च्या मध्येच येतंय.

सहा_मायक्रॉन (विश्रामबाग) | बुधवार, रात्री १०.००

छान मोजलंत. आता गणित बघा. ३०० मि.मी. दोन सेकंदात म्हणजे सेकंदाला १५० मि.मी. मोटार २८५० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ४७.५ फेरे. दगडाचं बॅलन्स बिघडलं असेल तर दर फेऱ्याला एक धक्का, आणि लाटेतलं अंतर १५० भागिले ४७.५, म्हणजे ३.२ मि.मी. तुमचं अंतर आहे ३० भागिले २०, म्हणजे १.५. निम्मं. सेकंदाला १०० धक्के बसतायत.

आपली वीज ५० हर्ट्झची. सिंगल फेज मोटारीचा टॉर्क एकसारखा नसतो, तो सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. माझा संशय त्यावर आहे. पण शाफ्टच्या फेऱ्याच्या दुपटीनं येणारा दोषही ९५ वर पडतो, आणि १०० अन् ९५ मधला फरक पट्टीनं मोजून कळणार नाही.

स्पार्कआउट_कराड | बुधवार, रात्री १०.२५

ते कळायला सोपी युक्ती आहे. दगड पूर्ण वेगात असताना स्विच बंद करा आणि दगड आपल्या जोरावर फिरतोय तेवढ्यात एक हलका पास घ्या. वीज नाही, म्हणजे विजेचे धक्के नाहीत. लाटा गेल्या तर दोष विजेचा, राहिल्या तर शाफ्टचा. पास अगदी हलका घ्या, नाहीतर दगड मध्येच अडेल.

बिडाचा_बेड | गुरुवार, रात्री ८.५०

मंडळी, आत्ताच करून आलो. हात अजून काळे आहेत, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

एकाच तुकड्यावर अर्धी रुंदी मोटार चालू ठेवून घेतली, अर्धी स्विच बंद करून. ऑइल स्टोन फिरवला. चालू मोटारीच्या बाजूला १.५ च्या बारीक लाटा जशाच्या तशा. बंद मोटारीच्या बाजूला त्या नाहीतच. तिथं अगदी पुसट, लांब लांब लाटा आहेत, तीन मि.मी. च्या आसपास. दोन्ही बाजू एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी आल्या. बायकोला दाखवलं, तिलाही चष्म्याशिवाय फरक दिसला.

कॉइलवाला_सातारा | गुरुवार, रात्री ९.४०

सिंगल फेज काढून टाका. थ्री फेज मोटारीत तिन्ही फेजचे चढउतार एकमेकांना भरून काढतात, त्यामुळं टॉर्क जवळजवळ सपाट मिळतो. घरी थ्री फेज नसेल तर सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी लावा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो व्हीएफडी २३० आत घेतो आणि बाहेरही २३० च देतो. आपल्याकडच्या छोट्या मोटारी ४१५ व्होल्टला आत स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही कॉइलची एकेक टोकं एकत्र बांधून, जोडलेल्या असतात. तशीच लावली तर मोटार फिरेल, पण तिच्यात जीव नसेल. ती डेल्टामध्ये, म्हणजे कॉइल एकापुढं एक त्रिकोणात जोडून, आणायला लागते, मग २४० ला पूर्ण ताकद देते.

सहा टोकं बाहेर असतील तर पत्त्या बदलल्या की झालं. तीनच टोकं बाहेर असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत, वार्निशखाली बांधलेला असतो. तो शोधून तोडायचा आणि तीन नवीन वायरी बाहेर काढायच्या. ज्याला सवय नाही त्यानं ते करू नये, कॉइल तुटते. रिवाइंडिंगवाल्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.

व्हीएफडीत जास्तीत जास्त फ्रिक्वेन्सी ५० ला लॉक करा. चालू होताना पाच-सहा सेकंद घेऊ द्या. थांबताना ब्रेक लावू नका, आपोआप थांबू दे. दगड जड असतो, झटकन थांबवला तर नट सैल होतो.

नवशिका_आष्टा | गुरुवार, रात्री १०.१५

मी नवीन आहे, प्रश्न चुकीचा असेल तर सांभाळून घ्या. थ्री फेज मोटार घेतली, तिचे बेअरिंग काढून चांगल्यातले बसवले आणि दगड तिच्याच शाफ्टवर ठेवला, तर वेगळ्या स्पिंडलचा खर्च वाचणार नाही का?

सहा_मायक्रॉन | शुक्रवार, सकाळी ८.३०

प्रश्न चुकीचा अजिबात नाही. पैसे नसतील तर ही पहिली पायरी म्हणून करावीही. पण अडचण तीन ठिकाणी येते.

एक, मोकळीक. मोटारीत बऱ्याचदा सी-३, म्हणजे जास्त मोकळीक असलेलं, बेअरिंग असतं, कारण मोटार तापते आणि शाफ्ट फुगतो. ८० फ्रेममधल्या ६२०४ नंबरच्या बेअरिंगला सी-३ म्हणजे १३ ते २८ मायक्रॉन (मि.मी. चा हजारावा भाग) मोकळीक. आपल्याला जॉब हवा पाच मायक्रॉनमध्ये.

दोन, शाफ्टची जाडी. वाकणं व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. बेअरिंगपासून ६० मि.मी. बाहेर दगड आणि त्यावर ५० न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलोचा दाब धरला, तर फक्त बाहेरचा तुकडा १४ मि.मी. शाफ्टला ९ मायक्रॉन वाकतो, १९ ला २.७ आणि २५ ला ०.९. १९ वरून २५ वर गेलं की वाकणं एक तृतीयांशावर येतं. मोटारीचा शाफ्ट आपल्याला जाड करता येत नाही.

तीन, उष्णता. ८० फ्रेम म्हणजे पायापासून शाफ्टची उंची ८० मि.मी. मोटारीचं अंग ३० अंशांनी तापलं तर बिडाच्या बॉडीत शाफ्ट साधारण २५ मायक्रॉन सरकतो, ॲल्युमिनियमच्या बॉडीत ५० च्या पुढं. तेही हळूहळू, अर्धा-पाऊण तास. तुम्ही ०.०१ चा कट सेट करताय आणि शाफ्ट स्वतःच त्याच्या पाचपट सरकतोय. धागाकर्त्याला ‘कधी जास्त खातो, कधी कमी’ दिसतंय, त्यात याचा मोठा वाटा असणार.

बिडाचा_बेड | शुक्रवार, रात्री ९.००

हे वाचून मोटारीच्या शाफ्टच्या टोकाला डायल (मायक्रॉनमध्ये हालचाल दाखवणारा काटा) लावला. स्प्रिंगकाट्यानं पाच किलो वर ओढलं, मग पाच किलो खाली. काटा एकूण १४ मायक्रॉन फिरला. खेळ आणि वाकणं मिळून. दोन्ही सूचनांबद्दल मनापासून आभार. वेगळा स्पिंडल करायचा, ठरलं. आता कसा करू ते सांगा. माझ्याकडं सहा फुटी लेथ आहे, मिलिंग नाही.

स्पार्कआउट_कराड | शनिवार, दुपारी २.३०

सवडीनं लिहितो, कारण इथं घाई केली की पुन्हा उघडायला लागतं.

मोटारीनं फक्त फिरवायचं, दगड धरायचा बेअरिंगांनी. ही दोन कामं वेगळी केली की निम्मं डिझाइन झालं. स्पिंडल कार्ट्रिज पद्धतीचा करा, म्हणजे एक गोल नळकांडं, त्याच्या आत शाफ्ट आणि बेअरिंग. ते डोक्याच्या ब्रॅकेटमध्ये दोन पट्ट्यांनी आवळायचं. कधी बिघडलं तर तेवढंच काढून टेबलावर दुरुस्त करता येतं.

नळकांडं बिडाचं असलं तर उत्तम. बीड कंप पितं. नाही मिळालं तर ईएन-८ स्टील. बाहेरून ८०, लांबी १५० धरा. आतलं ५२ चं बोअर दोन्ही तोंडांना एकाच सेटिंगमध्ये, आरपार काढा. जॉब उलटा करून दुसरं तोंड काढलंत तर दोन बोअर एका रेषेत येणार नाहीत. मग बेअरिंग कितीही भारी आणा, ती एकमेकांशी भांडतच राहणार. फिट एच-६, म्हणजे ५२ ला शून्य ते अधिक १९ मायक्रॉन. माझ्या मते शून्याच्या बाजूला राहा.

शाफ्ट ईएन-२४ स्टीलचा. टर्निंग करून ग्राइंडिंगचा माल ठेवा आणि बेअरिंगच्या जागा, दगडाचा हब बसायचा टेपर आणि खांदे सेंटरमध्ये धरून एकदम सिलिंड्रिकल ग्राइंडिंग करून घ्या. इथं पैसे वाचवू नका.

दगडाच्या बाजूला ७२०५ अँग्युलर काँटॅक्ट (आडवा दाबही घेणाऱ्या) बेअरिंगची मॅच केलेली जोडी, पाठीला पाठ लावून. पाठीला पाठ लावली की दाबाच्या रेषा बाहेर फाकतात आणि शाफ्टला लांब पायांचा आधार मिळतो. तोंडाला तोंड लावलं तर तो आधार आखूड होतो. मागच्या टोकाला साधं ६२०५, त्याचं बाहेरचं कडं बोअरमध्ये सरकायला मोकळं, मागून वेव्ह वायसरचा हलका दाब. शाफ्ट तापून लांब झाला की त्याला मागं जायला वाट पाहिजे. दोन्ही टोकं आवळून टाकणारे मी पुष्कळ पाहिलेत. पहिला तास गोड चालतं, मग बेअरिंग ओरडायला लागतं.

सहा_मायक्रॉन | शनिवार, दुपारी ४.००

काका, एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. घरच्या मशीनसाठी मॅच जोडीऐवजी पुढं एक ७२०५, मागं एक ७२०५ आणि मागच्याला स्प्रिंगचा दाब, हेही चालेल. स्प्रिंगचा दाब तापमान बदललं तरी बदलत नाही, स्पेसर (बेअरिंगांमधली कडी) मायक्रॉनमध्ये जुळवायची गरज नाही, बोअरमध्ये थोडी चूक असली तरी पचते.

स्पार्कआउट_कराड | शनिवार, सायंकाळी ६.१५

पचते, मान्य. आतल्या ग्राइंडिंगचे वेगवान स्पिंडल तसेच असतात. पण सरफेसवर दगडाची बाजू लावून खांदा, म्हणजे जॉबची उभी पायरी, घासायची वेळ येते. तेव्हा दगडावर आडवा दाब येतो आणि तो स्प्रिंगवर गेला तर स्प्रिंग दबते. पुढं जोडी असेल तर दोन्हीकडचा आडवा दाब जोडीच घेते. सपाट घासण्यापुरतंच मशीन असेल तर तुमची पद्धत स्वस्त आणि चांगली.

बिडाचा_बेड | शनिवार, रात्री ९.२०

मला खांदेही घासायचे आहेत, काकांच्या पद्धतीनं जातो. जोडीमध्ये स्पेसर घालायचा झाला तर आतला आणि बाहेरचा, दोन्ही सारख्या लांबीचे हवेत ना? ते घासायला सरफेस ग्राइंडर लागणार आणि माझा तर अजून उभाच राहायचाय.

मिरज_जॉबवर्क | शनिवार, रात्री ९.३५

टर्निंग करून, हार्ड करून माझ्याकडं आणा. दोन्ही स्पेसर चकवर शेजारी ठेवून एकाच सेटिंगमध्ये घासून देते. लांबी किती येते याला महत्त्व नाही, दोन्ही एक असल्या पाहिजेत. पैसे नकोत. मशीन चालू झालं की पहिला सपाट ब्लॉक मला चेक करायला आणा, तेवढं पुरे.

बेअरिंग घेताना खोका बघून फसू नका. डुप्लिकेट माल खूप फिरतोय. अधिकृत डीलरकडून बिलासकट घ्या. पी-४ (पी-५ पेक्षा अचूक दर्जा) ची जोडी तुमच्या मोटारीपेक्षा महाग पडेल, पी-५ नं तुमचं काम होईल.

बिडाचा_बेड | सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.००

मंडळी, कार्ट्रिज तयार झालं. ठरल्याप्रमाणं सगळं, एवढं लिहून भागलं असतं, पण दोन ठिकाणी अडकलो. ते लिहितो, दुसऱ्या कुणाचा वेळ वाचेल.

पहिलं चेकनटचं. बेअरिंग सुटी बसवली, नट बोटानं लावला आणि टेपरवर डायल धरला. दोन मायक्रॉन. आनंदात नट आवळला, पुन्हा बघितलं तर नऊ. सैल केला, दोन. आवळला, नऊ. दोन संध्याकाळी याच्यातच गेल्या. बेअरिंगवर संशय घेतला, शाफ्टवर घेतला. ताईंनी घासलेले स्पेसर मायक्रोमीटरनं चारी बाजूंनी मोजले, दोन्ही एक मायक्रॉनच्या आत. मग बाजारातून आणलेल्या २५ बाय १.५ आट्याच्या नटाच्या तोंडाला निळं लावून आवळला. निळं एकाच बाजूला, पाव वर्तुळावर उमटलं. नटाचं तोंड आट्याला काटकोनात नव्हतं. तो एका बाजूनं दाबत होता आणि शाफ्टला वाकवत होता. लेथवर एक तुकडा धरून त्याच जागी २५ बाय १.५ चे आटे पाडले, तुकडा चकमधून न काढता नट त्यावर चढवला आणि त्याच्या तोंडाला हलका कट घेतला. परत बसवला, पूर्ण आवळून डायल लावला तर तीन मायक्रॉन.

दुसरं ग्रीसचं, आणि ही चूक माझीच. ग्रीस भरपूर घातलं की बेअरिंग जास्त टिकणार अशी माझी समजूत. दोन्हीकडं ठासून भरलं. वीस मिनिटांत नळकांड्याला हात लावता येईना. थर्मामीटरवर ६८ अंश, खोलीत तेव्हा ३०. बंद करून काकांना फोन केला. त्यांनी सगळं धुवून काढायला लावलं आणि मोकळ्या जागेच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शाएवढंच ग्रीस भरायला सांगितलं. मग दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, असं दीड तास चालवलं, म्हणजे ग्रीस आपली जागा धरतं. आता सलग दोन तास चालवल्यावर ४३ वर थांबतंय, खोली ३१.

दगडाचा हब टेपरवर बसतो. मिलिंग नाही, टेपर गेज नाही, म्हणून हबचा आतला टेपर शाफ्टच्या घासलेल्या टेपरला निळं लावून जुळवला. कंपाउंड स्लाइडचा कोन चार वेळा हलवायला लागला. आता जवळजवळ पूर्ण लांबीवर निळं उमटतंय. याचा फायदा असा की दगड हबसकट काढता येतो. परत लावला की बॅलन्स तसंच राहतं आणि ड्रेसिंगही (डायमंडनं दगडाचं तोंड सारखं करणं) फारसं करायला लागत नाही.

नवशिका_आष्टा | रविवार, रात्री ८.४०

नटाचे आटे डावे की उजवे केलेत? मला यात नेहमी गोंधळ होतो.

बिडाचा_बेड | रविवार, रात्री ९.००

डावे. नटाच्या बाजूनं बघितलं तर माझा दगड घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो, म्हणून डावे. उलट फिरत असता तर उजवे. जॉब दगडाला अडवतो तेव्हा नट आणखी आवळला गेला पाहिजे. बेंच ग्राइंडरला एका टोकाला डावे आणि दुसऱ्याला उजवे आटे असतात ते याच कारणानं.

सहा_मायक्रॉन | रविवार, रात्री ९.२५

मोटार कुठं बसवली? आणि वेग किती ठेवला?

बिडाचा_बेड | रविवार, रात्री १०.१०

यावर मी बराच विचार केला. मोटार स्पिंडलच्या शेपटीला कपलिंगनं सरळ जोडली तर दोन्ही तंतोतंत एका रेषेत लागतात, मोटारीची थरथर सरळ शाफ्टमध्ये येते आणि तिची उष्णताही. म्हणून पट्टा. डोकं वर-खाली होतं, त्यामुळं मोटार खाली बेडवर ठेवली तर पट्ट्याचा ताण दर कटला बदलणार. मोटार डोक्याबरोबरच हलायला हवी. कॉलमच्या मागच्या बाजूला प्लेट आणून चार रबरी बुशांवर ती बसवली. पुढचं स्पिंडलचं वजन मागच्या मोटारीनं तोललं गेलं, डोक्याचा हँडलही हलका झाला. साधा व्ही पट्टा लावून बघितला होता. त्याची जाडी सगळीकडं सारखी नव्हती, प्रत्येक फेरीत पुली ओढली जायची. आता बारीक खाचांचा पॉली-व्ही पट्टा आहे.

मोटार थ्री फेज घेतली, साताऱ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणं डेल्टा करून घेतली.

वेगाबद्दल. १५० चा दगड २८५० वर फिरला तर कडेचा वेग सेकंदाला २२ मीटर. दगडावर ३३ मीटर लिहिलंय, म्हणजे १५० ला ४२०० आरपीएमपर्यंत परवानगी. पुल्या बदलून स्पिंडल ३६०० वर आणला, २८ मीटर मिळतात, दगड मोकळा कापतो. पण याच ३६०० वर कुणी २०० चा दगड लावला तर ३७ च्या वर जाईल आणि तो दगड फुटू शकतो. माझा मुलगा आता मशीनजवळ यायला लागलाय. म्हणून कव्हर आतून १६५ चंच ठेवलं. २०० चा दगड त्यात शिरतच नाही.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून बनवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. तिथं वीज ६० हर्ट्झची, दोन पोल मोटार ३४५० वर फिरते. त्यांच्या पुलीचं माप तसंच उचललं तर आपला वेग वेगळा येणार. माप उचलू नका, गणित करा.

कॉइलवाला_सातारा | सोमवार, सकाळी ९.००

कव्हराचं काम आवडलं. कागदावर लिहून भिंतीला लावलेली सूचना कुणी वाचत नाही.

स्पार्कआउट_कराड | सोमवार, सकाळी १०.३०

बॅलन्सिंग राहिलंय. हबसकट दगड सरळ मँड्रेलवर (घासलेल्या दांड्यावर) चढवा आणि लेव्हल केलेल्या दोन समांतर, घासलेल्या पट्ट्यांवर ठेवा. जड बाजू आपोआप खाली येते. हबला खाच करून तीन सरकती वजनं ठेवा, म्हणजे फोडाफोड न करता जुळवता येतं. कुठंही ठेवला तरी दगड तिथंच थांबला पाहिजे. हलकं समजू नका. दगडाच्या कडेला, ७५ मि.मी. अंतरावर एक ग्रॅम जास्त असेल तर २८५० वर तो जवळजवळ सात न्यूटननं ओढतो, तुमच्या ३६०० वर साडेदहापेक्षा जास्त. सेकंदाला साठ वेळा.

आधी बॅलन्स, मग ड्रेस, मग परत बॅलन्स. ड्रेसिंगचा डायमंड चकवर दगडाच्या मध्याच्या थोडा पुढं, दगड ज्या दिशेनं जातो त्या बाजूला ठेवा आणि १०-१५ अंश त्याच दिशेला कलता. तो दगडाच्या पोटात घुसता कामा नये.

बिडाचा_बेड | पुढचा रविवार, सायंकाळी ७.३०

झालं. सगळं सांगतो.

स्पिंडलच्या नाकावर पुन्हा तोच स्प्रिंगकाटा, तोच डायल. पाच किलो वर, पाच किलो खाली. एकूण अडीच मायक्रॉन. आधी १४ होते.

दगड बॅलन्स केला, काकांच्या क्रमानं, दोनदा. मग तासभर मोकळा चालवून गरम होऊ दिला आणि मॅग्नेटिक चकचा माथा त्याच्याच दगडानं जागेवर घासून घेतला. चकवर मार्करनं आडव्या-उभ्या रेघा मारल्या होत्या. पहिल्या पासात मधल्या रेघा राहिल्या, कडेच्या गेल्या. ०.००५ नं खाली घेत गेलो. सातव्या पासात शेवटची रेघ गेली आणि ठिणग्यांचा आवाज एका सुरात यायला लागला. मुलगा म्हणाला, बाबा, आता आवाज कापड फाडल्यासारखा येतोय.

मग १०० मि.मी. चा ईएन-८ चा ब्लॉक घेतला. दोन्ही बाजू घासल्या, शेवटी खाली न घेता ठिणग्या थांबेपर्यंत नुसता फिरवला. ऑइल स्टोन फिरवला. १.५ च्या लाटा नाहीत. तिरक्या उजेडात बघितलं तर एका कोपऱ्यात २.५ च्या आसपासच्या फार पुसट लाटा अजून आहेत. सेकंदाला १५० भागिले ६०, म्हणजे हे दगडाचं बॅलन्सच, विजेचं नाही. तिसऱ्यांदा बॅलन्स करून बघतो.

०.०१ खाली घेतलं की आता ०.०१ च जातं. चार वेळा मोजलं.

मिरज_जॉबवर्क | मंगळवार, रात्री ८.१५

ब्लॉक आमच्या सरफेस प्लेटवर चेक केला. १०० मि.मी. लांबीत जाडीचा फरक तीन मायक्रॉन, चारी कोपरे आणि मध्य मिळून. घरच्या मशीनवर, पुरातून काढलेल्या बेडवर हे आलंय, मला खूप बरं वाटलं. एक कोपरा एक मायक्रॉननं जाड येतोय. तो चकच्या मागच्या डाव्या कोपऱ्याचा असणार, चकचे बोल्ट तिकडं जास्त आवळलेत का बघा.

स्पार्कआउट_कराड | मंगळवार, रात्री ९.००

ताईंचं बरोबर आहे. चारी बोल्ट सैल करून सारख्या हातानं आवळा आणि चक पुन्हा एकदा घासून घ्या. आणि ते मँड्रेल मला दाखवा. तिसऱ्यांदा बॅलन्स करायला लागतंय म्हणजे माझ्या मते मँड्रेल वाकडं आहे, दगड नव्हे.

बिडाचा_बेड | मंगळवार, रात्री ९.२०

काका, मँड्रेलला आत्ता सेंटरमध्ये डायल लावला. मध्यभागी १८ मायक्रॉन वाकडं आहे. शनिवारी कराडला घेऊन येतो, हब आणि दगडासकट.